आधी ऑर्डर द्या, मग शिवणवर्ग काढा : परराष्ट्रमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली
यांस,

सविनय नमस्कार.

मी सोलापुरात शिवण शिकवते. आपल्या खात्याशी माझा संबंध आजवर पासपोर्टापुरताच. त्यामुळे परराष्ट्र धोरणावर मी काय बोलणार, असं आपल्या अधिकाऱ्यांना वाटेल. पण हे पत्र धोरणावर कमी आणि कापडावर जास्त आहे, आणि कापडातलं मला कळतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानातल्या तालिबान सरकारचे परराष्ट्रमंत्री दिल्लीत येऊन गेले. काबूलमधल्या आपल्या तांत्रिक पथकाचा पुन्हा दूतावास झाला. त्या भेटीच्या संयुक्त निवेदनात भारत तिथं काय काय उभारणार याची यादी आहे: पक्तिका, खोस्त आणि पक्तिया प्रांतांत मिळून पाच प्रसूती दवाखाने, काबूलच्या बगरामी भागात ३० खाटांचं रुग्णालय, काबूलच्याच इंदिरा गांधी बालरुग्णालयात थॅलेसेमिया केंद्र. लोकांनी या यादीत राजकारण वाचलं. माझ्या डोक्यात आधी चादरी आल्या. प्रसूती म्हटली की कापड आलंच. खाटेवरच्या चादरी, बाईला घालायचे गाऊन, डॉक्टरांचे डगले, बाळाची झबली, टोपडी, दुपटी, लंगोट. तिकडे बाळाला पहिले काही महिने कापडात घट्ट गुंडाळून बांधतात, त्याला कुंदाक म्हणतात. म्हणजे बाळामागे कापड आपल्यापेक्षा जास्तच.

माझी विनंती इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायला वेळ नसला तरी चालेल. या दवाखान्यांना लागणारं सगळं शिवणाचं सामान अफगाण बायकांकडून शिवून घ्या. ती ऑर्डर कागदावर पक्की करा आणि मगच शिवणवर्ग काढा.

याच्या उलट क्रमानं काय होतं ते मी आयुष्यभर बघत आले आहे. योजना येते. वस्तीतल्या बायकांचा वर्ग भरतो. तीन महिने झबलं, परकर, ब्लाउज, पंजाबी ड्रेस. शेवटच्या दिवशी पाहुणे, नारळ, सर्टिफिकेट, मशीनसोबत फोटो. पुढच्या दिवाळीला त्याच बाईच्या घरी जावं तर मशीनवर प्लास्टिकचं कव्हर आणि कव्हरवर इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचा ढीग. बाई आळशी नसते. गल्लीत त्याच वर्गातून निघालेल्या आणखी सात-आठ जणी असतात, सगळ्यांना तोच ब्लाउज येतो, आणि पैसे देऊन ब्लाउज शिवून घेणाऱ्या गल्लीत तेवढ्या नसतात. योजनेच्या अहवालात मात्र वर्ग यशस्वी झालेला असतो, कारण अहवाल मशीन मोजतो. महिन्याला तिच्या हातात किती पडले हा रकाना त्यात नसतोच.

आमच्याकडे टिकल्या त्या बहुतेक गठ्ठ्यावर काम करणाऱ्या. सोलापुरात शाळेचे गणवेश तयार होतात हे आपल्याला माहीत असेल. कारखान्यात कापडाचे थर एकावर एक अंथरून कटर फिरवतात, मापाप्रमाणे तुकड्यांचे गठ्ठे बांधतात, गठ्ठ्यावर चिठ्ठी. बाई गठ्ठा घरी नेते. कुणी फक्त कॉलर करते, कुणी बाह्या जोडते, कुणी काजं-बटणं. आठवड्याला माल परत, चेकिंग, नगावर पैसे, चुकलेला नग ऑल्टरला. या पद्धतीचे दोष मला तोंडपाठ आहेत. रेट पाडतात, मधला माणूस कमिशन खातो, दोऱ्याचे पैसे बाईच्याच खिशातून जातात. तरीही एक गोष्ट खरी, की तिला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागत नाही. अख्खा शर्ट कापायला येत नसला तरी ती पहिल्या महिन्यापासून कमावते, आणि कमावता कमावता हात बसतो.

हे झालं सोलापूरचं, जिथं बाई शेअर रिक्षात बसून मधल्या मारुतीपाशी दोरे-बटणं आणायला एकटी जाते. अफगाणिस्तानात काय आहे ते आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता. तरी कामापुरतं सांगते. डिसेंबर २०२१ पासून ७२ किलोमीटरच्या पुढे जायचं तर बाईसोबत घरचा पुरुष हवा. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांतल्या बायकांना कामावर यायला बंदी झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये तोच नियम संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्यांना लागला. जुलै २०२३ मध्ये ब्युटी पार्लर बंद. डिसेंबर २०२४ मध्ये नर्स आणि दाई होण्याचं शिक्षणही बंद. एकेक दार लागत गेलं आणि घरात बसून करता येईल, राज्यकर्त्यांनाही चालेल असं जे थोडं उरलं त्यात शिवणकाम. म्हणून मदत करणारा जो तो शिवणवर्गच काढतो. त्यात २०२३ पासून पाकिस्तानानं आणि पाठोपाठ इराणनं लाखो अफगाण कुटुंबं परत धाडली. त्या घरांतल्या बायकाही सुई-दोऱ्याकडेच वळणार. बाजारात मात्र बाहेरून आलेला तयार माल आणि जुन्या कपड्यांचे ढीग, आणि लोकांच्या खिशात पैसा नाही. शिवणाऱ्या वाढल्या आणि शिवून घेणारे आटले. आणखी शंभर मशीन वाटून हे गणित सुटत नाही.

ते सुटलेलं एक उदाहरण काबूलचंच आहे. १९९६ मध्ये तालिबान पहिल्यांदा आले तेव्हाच्या फर्मानांत शिंप्यांनी बायकांची मापं घ्यायची नाहीत, त्यांचे कपडे शिवायचे नाहीत असंही होतं. खैरखाना भागातल्या कमिला सिदिकी या तरुणीनं तेव्हा नुकतंच शिक्षिकेचं प्रशिक्षण पुरं केलं होतं आणि नोकरीचा रस्ता बंद झाला होता. मोठी बहीण शिवणात तरबेज. तिच्याकडून शिकून कमिलानं एक ड्रेस नमुना म्हणून तयार केला, धाकट्या भावाला सोबत घेतलं, बुरखा घेतला आणि जवळच्या लिसे मरियम बाजारातल्या दुकानात तो दाखवायला नेला. परत आली ती ऑर्डर घेऊन. मग बाकीच्या बहिणी मशीनवर बसल्या, ऑर्डरी वाढल्या तशा शेजारच्या मुली येऊ लागल्या, आणि त्यांना शिकवता शिकवता घरातच वर्ग उभा राहिला. पुढे ती मोठी उद्योजिका झाली, सरकारातही वरच्या पदावर गेली. या गोष्टीत लोकांना धाडस दिसतं, आणि ते आहेच. मला मात्र तिनं लावलेला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी नमुना, मग ऑर्डर, मग वर्ग. आणि दुकानदाराकडे जाण्याचा धोका तिला एकटीला पत्करावा लागला, कारण ऑर्डर घेऊन येणारं दुसरं कुणी नव्हतं. आज आपला दूतावास तिथं आहे. दुकानदाराच्या जागी आपण उभे राहू शकतो.

आता हे चालेल कसं, ते शिवणाऱ्या बाईच्या नजरेनं सांगते.

सुरुवात सरळ शिवणीच्या मालापासून करावी. चादर म्हणजे चार बाजूंची दुमड, नवशिकीचा हात टिपेला सरळ करायला याहून चांगलं काही नाही. त्यानंतर दुपटी, मग झबली. नवजात बाळाच्या झबल्याला बटणं नकोत, बंद हवेत. शिवण आतून टोचू नये म्हणून कड दुमडून बंद करायची किंवा सरळ बाहेरच्या बाजूला ठेवायची. आमच्याकडच्या आज्या हे न शिकवता करत होत्या, तिकडच्याही करत असणारच. शेवटी गाऊन, कारण मुंढा आणि बाही जोडणं हे खरं कसब. कटिंग मात्र घरोघरी नको. तागा एकाच जागी कापावा, मापं एकसारखी येतात आणि कापड वाया जात नाही. गठ्ठे मोहल्ल्यातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे जावेत, तिथून घरोघरी. दहा-बारा घरं पायी फिरता येतील एवढ्यात असली तर सोबतीच्या पुरुषाचा प्रश्न बराच हलका होतो.

मशीन पाठवायचीच तर मोटरची पाठवू नका. त्या देशात वीज बरीचशी शेजारच्या देशांकडून विकत येते आणि हिवाळ्यात ती कधी जाईल याचा भरवसा नाही. लुधियानात चांगली हातमशीन आणि पायमशीन बनतात, तीच द्या. आणि मशीनसोबत एक पिशवी: १४ आणि १६ नंबरच्या सुया, जास्तीच्या बॉबिन, एक बॉबिन केस, पायमशीनचा पट्टा, तेलाची बाटली. वाटलेली मशीन मोडून पडत नाहीत, सुई तुटते किंवा बॉबिन केस घासतं आणि तेवढ्यावर ती कायमची बसतात. पन्नास-शंभर रुपयांच्या सामानावाचून हजारोंची मशीन गंजताना मी पाहिली आहेत. दुरुस्ती बायकांनाच शिकवा. परका मेकॅनिक घरात येणार कसा?

टेप वाचायला शिकवणं हा धड्याचा पहिला भाग हवा. इथं एक गोष्ट सांगते. माझ्या वर्गात शाळा न पाहिलेल्या बायका यायच्या. त्यांतली एक सुतळीला गाठी मारून माप घ्यायची: पहिली गाठ खांदा, दुसरी छाती, तिसरी उंची. ब्लाउज चोख बसायचा. पण दुसरीचं माप आलं की सुतळी दुसरी, आणि दहा बायकांच्या दहा सुतळ्या कुणाची कुठली हे तिलाही आठवेना. तिला मी आकडे शिकवले ते टेपवरच, पाटीवर नाही. पाव, अर्धा, पाऊण कळलं तशी ती शिलाईचा हिशेबही मांडू लागली, आणि त्यानंतर तिला फसवणं कुणाला जमलं नाही. अफगाण बायकांच्या वर्गात टिपेइतकाच वेळ या हिशेबाला द्या. एका नगाला किती वेळ लागला, दोरा किती गेला, दिवसाचे किती पडले. प्रत्येकीजवळ तिची वही असू द्या, आणि पैसे तिच्याच हातात पडतील असं करारात लिहा. तिकडे बँकेचे व्यवहार अडतात, हे ऐकून आहे. म्हणून तर आपला दूतावास मध्ये हवा.

माल थोडा महाग पडेल. चीनहून तयार गाऊन मागवले तर नगामागे स्वस्त मिळतील, हे आपले हिशेबनीस पहिल्या बैठकीत सांगतील. त्यांना सांगावं की दोन्ही खर्च आपणच करणार आहोत. एका फायलीत स्वस्त गाऊन घ्यायचे आणि दुसऱ्या फायलीत महिला सक्षमीकरणाच्या नावाखाली मशीन वाटायची, यापेक्षा एकाच फायलीत दोन्ही बसवलेलं काय वाईट?

हे भारतानं पूर्वी केलेलंच आहे. २००८ च्या सुमारास भारत सरकारच्या पाठबळानं अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेनं काबूलच्या बाग-ए-जनाना या बायकांच्या बागेत युद्धात विधवा झालेल्या बायका आणि अनाथ मुली यांच्यासाठी प्रशिक्षण केंद्र चालवलं. कपडे शिवणं, अन्नप्रक्रिया, रोपवाटिका, आणि त्या जोडीला मालाची विक्रीही शिकवली जाई. विक्री हा विषय तिथं होता याचं कारण ‘सेवा’ घरात बसून नगावर काम करणाऱ्या बायकांमधूनच वाढली आहे. आपण राज्यसभेत गुजरातचे प्रतिनिधी आहात, त्यामुळे इलाबेन भट्टांच्या संस्थेबद्दल मी जास्त बोलणं बरं दिसणार नाही. त्या कामाची कागदपत्रं आपल्याच मंत्रालयात असतील. ती काढून वाचावीत, एवढंच.

कशिद्याबद्दलही दोन शब्द, कारण तो जीव लावून करायचा विषय आहे. कंदाहारच्या बायका खामक नावाचं भरतकाम करतात. कापडाचे धागे मोजून रेशमाचे बारीक टाके, भौमितिक नक्षी, पुरुषांच्या शालींवर आणि सदऱ्यांच्या छातीवर. सोलापूरच्या सीमेपलीकडे इरकली लुगड्यांवर कसुती करतात, तीही धागे मोजूनच, त्यामुळे खामकचे फोटो पाहिले तेव्हा माझी बोटं आपोआप टाके मोजू लागली. रंगीना हमीदी या बाईंनी २००३ पासून कंदाहारमध्ये हे काम विकून दाखवलं. त्याच पुढे देशाच्या शिक्षणमंत्री झाल्या, २०२१ मध्ये सत्ता उलटेपर्यंत. २०१७ मध्ये काबूल-दिल्ली हवाई मालवाहतूक सुरू झाली तेव्हा तिनं आपल्याकडे हिंग आणला, सुकामेवा आणला. खामकची शाल हिंगाच्या पोत्याइतकी जागा अडवत नाही आणि किंमत कितीतरी जास्त. विमानात तिला जागा ठेवा, आणि आपल्या हस्तकलेच्या सरकारी दुकानांत एक कपाट द्या. पण हे दुय्यम. कशिदा थोड्याच जणींना येतो आणि घेणारे शौकीनही थोडेच. चादर सगळ्यांना लागते.

एका गोष्टीबद्दल मात्र मला भीती वाटते, आणि ती लपवून पत्र पुरं करता येणार नाही. शिवणवर्ग हा राज्यकर्त्यांना सोयीचा आहे. २३ मार्च २०२२ ला सहावीपुढच्या मुली शाळा उघडणार म्हणून वर्गात जाऊन बसल्या आणि त्याच दिवशी त्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून त्या शाळा बंद आहेत. उद्या आपल्या मदतीच्या शिवणवर्गाचा फोटो दाखवून ‘बघा, मुली शिकताहेत’ असं कुणी म्हटलं तर ते आपल्याला चालता कामा नये. तेरा वर्षांच्या मुलीला मशीनवर बसवायचं नाही, हे लेखी असू द्या. वर्ग कमावत्या बायकांसाठी, विधवांसाठी. मुलीची जागा शाळेत, आणि हे दर बैठकीत आपण म्हणत राहायला हवं. अफगाण परराष्ट्रमंत्र्यांच्या दिल्लीतल्या पहिल्या पत्रकार परिषदेत महिला पत्रकारांना आत घेतलं नाही. तिच्याशी मंत्रालयाचा संबंध नव्हता असा खुलासा झाला. ठीक. दोन दिवसांनी दुसरी झाली आणि तिथं महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या. म्हणजे आवाज उठवला की काही गोष्टी हलतात. आपण प्रसूती दवाखाने बांधून देणार आणि तिथं दाई व्हायला एकाही मुलीला शिकू देणार नाहीत, तर त्या इमारतीत बाळंतपण करणार कोण, हा प्रश्न तर इमारत बांधणाऱ्यानं विचारायलाच हवा.

शिवणवर्गाच्या आडून शिक्षण चालल्याचंही अफगाणिस्तानानं पाहिलं आहे. पहिल्या तालिबानी राजवटीत हेरातमध्ये ‘सोनेरी सुई’ नावाच्या शिवणवर्गात बायका कापड पिशवीत घालून जात आणि आत विद्यापीठाच्या प्राध्यापकांकडून साहित्य शिकत. बाहेर मुलं खेळत राहायची, कुणी आलं तर सांगायला. कवयित्री नादिया अंजुमन त्यातलीच. आज कुठं काय चाललं असेल याबद्दल पत्रात लिहिण्यासारखं काही नाही आणि लिहूही नये. आपल्या अधिकाऱ्यांनी वर्गाची तपासणी करताना पिशव्या उघडून बघू नयेत, इतकं पुरे.

दिल्लीतल्या अफगाण बायकांचा विषय आपल्या एकट्याच्या खात्याचा नाही, गृहखात्याचाही आहे, म्हणून थोडक्यात. लाजपतनगर, भोगल, मालवीयनगर इथल्या निर्वासित बायका शिवण-भरतकाम करून घर चालवतात. ‘सिलाईवाली’सारखा उपक्रम उरलेल्या चिंध्यांपासून त्यांच्याकडून बाहुल्या करून घेतो आणि परदेशात विकतो, म्हणजे माल उत्तम होतो याबद्दल शंका नको. अडतं ते कागदावर. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांचं ओळखपत्र असलं तरी बँकेत खातं उघडताना आणि काम मिळवताना त्याचा उपयोग होईलच असं नाही. त्या कार्डावर खातं उघडता यावं एवढी एक सूचना निघाली तर मधल्या दलालांचा अर्धा धंदा बसेल. शिवाय काबूलच्या वर्गांना शिकवायला दरी ही तिकडची भाषा बोलणाऱ्या शिक्षिका हव्यात आणि त्या तिकडे जाऊ शकत नसल्या तरी मोबाईलवर धडे रेकॉर्ड करून देऊ शकतात. त्या आपल्याच राजधानीत बसल्या आहेत.

या पत्राला उत्तर आलं नाही तरी चालेल. पण पक्तिकाच्या पहिल्या दवाखान्याच्या सामानाची निविदा निघण्याआधी कापडी सामानाची यादी तेवढी वेगळी काढावी, एकदा सगळी एका ठेकेदाराकडे गेली की परत येत नाही. नवजात बाळ, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन मापांच्या झबल्यांचे कागदी कटिंग, दुपट्याचं आणि गाऊनचं माप, आणि शंभर नगांना किती मीटर कापड लागेल याचा तक्ता मी तयार केला आहे. आपल्या कार्यालयातून पत्ता कळला की स्पीड पोस्टानं पाठवते. कापड सुती घ्यावं आणि कापण्याआधी एकदा पाण्यातून काढावं, नाहीतर पहिल्याच धुण्यात झबलं आखडतं.

कळावे,

आपली नम्र,
एक शिवण-शिक्षिका
सोलापूर